डॅशबोर्डवर दिवा लागला: गाडी तिथेच थांबवायची की गॅरेजपर्यंत न्यायची?

चौथा_गिअर:

गाडीच्या पुस्तिकेत जवळपास प्रत्येक दिव्यापुढे ‘सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’ एवढंच छापलेलं असतं. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती, इथपर्यंत ठाऊक आहे. पण लाल दिवा लागल्यावर ‘थांबा’ म्हणजे त्याच क्षणी इंजिन बंद, की पुढच्या फाट्यापर्यंत नेली तरी चालतं, हे नीट कुठे सापडत नाही.

गाडी पेट्रोलवरची, मॅन्युअल गिअरची. नेमके प्रश्न असे:

१) वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर तेलाच्या कॅनचा लाल दिवा क्षणभर लागून विझतो. सरळ रस्त्यावर काहीच नाही. सेन्सर खराब समजायचा का?
२) चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला तर किती अंतर जाता येतं?
३) इंजिनचा पिवळा दिवा स्थिर लागणं आणि लुकलुकणं यात फरक काय? बॅटरीची वायर काढली की तो जातो असं बरेच जण सांगतात. तसं करावं का?
४) एबीएसचा दिवा लागलेला असताना ब्रेक लागतात ना?

तेलपाणी:

रंग बघाच, पण त्या दिव्यामागचा सेन्सर नक्की काय मोजतो तेही माहीत हवं. ते कळलं की आपल्या हाती सेकंद आहेत, मिनिटं आहेत की दिवस, याचा अंदाज येतो. तुमच्या पहिल्या प्रश्नात सेकंदच आहेत, म्हणून आधी तो घेतो.

कॅनचा लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. इंजिनच्या ब्लॉकवर एक साधा स्विच असतो. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली उतरला की तो दिवा लावतो. गरम इंजिनला आयडलवरसुद्धा (म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता) १ बारच्या आसपास दाब असायला हवा. म्हणजे दिवा लागेपर्यंत बेअरिंगवरचा तेलाचा थर जवळपास गेलेलाच असतो. हा दिवा आगाऊ सूचना देत नाही, नुकसान सुरू झाल्याचं सांगतो.

वळणावर लागतो याचा सरळ अर्थ असा की खालच्या सम्पमध्ये, म्हणजे तेल साठतं त्या भांड्यात, तेल कमी आहे. गाडी वळली की उरलेलं तेल एका बाजूला जातं, पंपाची शोषनळी उघडी पडते आणि तेलाऐवजी हवा ओढते. गाडी सरळ झाली की तेल परत जागेवर येतं आणि दिवा विझतो. सेन्सर खराब असता तर तो वळणं बघून लागला नसता.

काय करायचं: गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि ५ ते १० मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं तेल खाली उतरेल. डिपस्टिक काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि मग बघा. पहिल्याच खेपेला काढून बघितलेलं धरू नका, कारण नळीच्या भिंतीला लागलेलं तेल कांडीला चिकटून येतं आणि पातळी खोटी दिसते. बहुतेक गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण १ लिटर तेल बसतं. खालच्या खुणेवर असेल तर आधी अर्धा लिटर घाला, दोन-तीन मिनिटं थांबा, परत बघा. वरच्या खुणेपलीकडे जाऊ नका. जास्त झालेल्या तेलात क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरता दांडा) घुसळू लागतो, फेस होतो, फेसाने दाब पडतो आणि तोच दिवा पुन्हा लागतो.

पातळी बरोबर असूनही दिवा लागलेला राहिला तर सेल्फ मारू नका, गाडी टो करून न्या. त्या स्विचचा कनेक्टर काढून बघायला हरकत नाही. आत तेल झिरपलेलं दिसलं तर स्विचच गेला असण्याची शक्यता बरीच आहे. पण ‘स्विच खराब’ हा निकाल तिथे मेकॅनिकल गेज लावून दाब मोजल्याशिवाय द्यायचा नाही. इंजिन गरम झाल्यावर फक्त आयडलला लुकलुकतो आणि थोडी रेस दिली की जातो, असं असेल तर तेल पातळ झालंय, चुकीच्या ग्रेडचं घातलंय, किंवा बेअरिंग नाहीतर पंप झिजलाय. आणि ऑइल बदलून आणल्या आणल्या लागला तर आधी गाडीखाली वाकून बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहते, तिच्यावरच नवा फिल्टर कसला जातो, दोन रिंगा एकमेकींवर बसतात आणि दाब चढला की तिथून तेल भळाभळा बाहेर येतं.

दुसरा लाल दिवा थर्मामीटरचा. तो तुम्ही विचारला नाहीत, पण याच पंगतीतला आहे. बहुतेक इंजिनं ८५ ते १०५ अंशांत चालतात. काटा वर चढू लागला की आधी एसी बंद करा, मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. उकाड्यात जीव नकोसा होतो, पण हीटरची जाळी म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच आहे. हे सगळं गाडी बाजूला घेईपर्यंतच. लाल दिवा लागलाच तर मिळेल त्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण किमान अर्धा तास उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवताच दाब सुटतो, ते एकदम उकळतं आणि उसळून थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

कारण शोधताना एवढं बघा. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर ठीक राहते, तर रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले किंवा फ्यूज. दोन्हीकडे तापते तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी, थर्मोस्टॅट (तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकलेला किंवा पाण्याचा पंप गेलेला. इंजिन तापलंय पण रेडिएटरचा वरचा होज गरम आणि खालचा गार लागतोय, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये किंवा पाणी फिरत नाहीये. एक्स्पान्शन टाकीत सतत बुडबुडे किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय. अजून एक. काटा लाल पट्ट्यापर्यंत जाऊन अचानक गारवर आला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच खाली येतो. त्यानंतर गाडी पुढे रेटली तर गॅस्केट उडालीच समजा.

निळा थर्मामीटर म्हणजे इंजिन अजून गार आहे. तो विझेपर्यंत जोरात रेस देऊ नये, बाकी काही नाही.

व्होल्टमीटर:

प्रश्न २. बॅटरीचा दिवा ‘बॅटरी खराब’ असं सांगत नाही, चार्जिंग होत नाहीये असं सांगतो. आता गाडी बॅटरीत साठलेल्यावरच चाललीय.

अंतराचा हिशेब असा. इग्निशन, इंजेक्टर, पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) मिळून १५ ते २० अँपिअर घेतात. हेडलाइट अजून १० च्या आसपास, रेडिएटरचा फॅन सुरू झाला की तोही तेवढेच किंवा जास्त. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची धरली तरी व्होल्टेज पडून इंजिन अडखळायच्या आधी निम्मीच कामाची. म्हणजे दिवसा, सगळं बंद ठेवून, धडधाकट बॅटरीवर तासभराच्या आसपास. रात्री अर्धा तासच धरा. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर, म्युझिक, मोबाइलचा चार्जर सगळं बंद. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर उभ्या गाडीत चाकं वळवू नका, क्षणभरात पन्नासच्या वर अँपिअर खाऊन जातं. आणि मुक्कामाला पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका, पुन्हा सेल्फ लागेलच असं नाही.

हा हिशेब लागू करण्याआधी तापमानाच्या काट्यावर नजर टाका. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला असेल तर दिवा बॅटरीचा लागतो आणि मरतं इंजिन. बॅटरीच्या दिव्याबरोबर काटा चढतोय किंवा हायड्रॉलिक स्टिअरिंग एकदम जड झालंय, तर जायचं अंतर शून्य. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मगच बॉनेट उघडून बेल्ट बघा.

मल्टिमीटर असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. इंजिन काही तास बंद असताना बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७. चालू इंजिनवर १२.५ च्या खाली जाऊन हळूहळू घसरतच असेल तर चार्जिंग बंद आहे. नव्या स्मार्ट चार्जिंगच्या गाड्या मुद्दाम व्होल्टेज वरखाली करतात, तिथे एकदा १२.९ दिसले म्हणून अल्टरनेटर उतरवायला घेऊ नका. हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजा. आयडलला दिवा लागतो, रेस दिली की विझतो, असं असेल तर बेल्ट घसरतोय किंवा अल्टरनेटरचे कार्बन ब्रश संपत आलेत. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर तपासायची’ जुनी पद्धत कृपया वापरू नका. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने ईसीयू जाऊ शकतो.

एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, ट्रॅक्शन असे पाचसहा दिवे एकदम लागले तर पाचसहा बिघाड शोधत बसू नका. इतकं सगळं एकाच वेळी बिघडत नाही. बहुतेकदा व्होल्टेज पडलेलं असतं: बॅटरी दमलेली, टोकांवर पांढरा-हिरवा साका, किंवा इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी सैल. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट ९.६ च्या खाली जाता कामा नयेत. त्याच वेळी बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजा. ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग साफ करून घट्ट करा. बॅटरी जोडल्यानंतर फक्त स्टिअरिंगचा दिवा मागे राहिला तर इंजिन चालू करून चाक डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण फिरवा आणि थोडं अंतर चालवा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर तेवढ्याने मूळपदावर येतो.

ब्रेकलाइन:

प्रश्न ४. फक्त एबीएसचा पिवळा दिवा असेल तर नेहमीचे ब्रेक लागतात, एबीएस तेवढं नाही. जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा आणि ओल्या रस्त्यावर सांभाळून. बहुतेकदा कारण चाकाजवळच असतं: स्पीड सेन्सरची तुटलेली वायर, गंजून तडकलेली दातेरी रिंग, नाहीतर नवीन बेअरिंग उलटं बसवलेलं. हे शेवटचं फार होतं. हल्ली बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टा असतो. ती बाजू सेन्सरकडे नसेल तर सेन्सरला त्या चाकाचा वेग कळतच नाही. बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला असेल तर आधी तेच तपासायला सांगा.

एबीएस आणि ब्रेकचा लाल दिवा दोन्ही एकदम लागले तर मामला वेगळा. अशा वेळी पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. चालवू नका.

नुसता लाल ब्रेकचा दिवा: पहिल्यांदा हँडब्रेक. एखादा दात वर राहिला तरी लागतो. तो पूर्ण खाली असूनही दिवा आहे तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघा. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतलं ऑइल तिकडे जातं. म्हणजे पातळी घटणं हीच पॅड संपत आल्याची खूण असू शकते. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदला. आज वर भरून ठेवलंत तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर डबी भरून वाहील, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. पॅड जाड आहेत तरी पातळी घटतेय, तर मात्र गळती आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि क्लचजवळ बघा. तुमची गाडी मॅन्युअल आहे, हायड्रॉलिक क्लच असेल तर तो बहुतेक याच डबीतून ऑइल घेतो. पेडल मऊ लागतंय किंवा खाली बसतंय तर एक मीटरही पुढे नाही.

घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह लुकलुकतंय म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल काम करतोय, बिघाड नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा. स्थिर लागलं तर बटण चुकून दाबलं गेलंय का ते आधी बघा.

टायरच्या दिव्याचं थोडक्यात: स्थिर म्हणजे हवा कमी. चावी फिरवल्यावर मिनिट-सव्वा मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर हवा नव्हे, सेन्सरच बोलत नाहीये, बहुधा त्यातली बॅटरी संपलीय. हवा टायर गार असताना तपासा. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने घटतो, म्हणून थंडीच्या सकाळी लागून दुपारी आपोआप जातो. खिळा दिसला तर उपटू नका, तसाच ठेवून पंक्चरवाल्याकडे न्या.

पानास्क्रू:

वरच्या तिघांशी सहमत. प्रश्न ३ माझ्याकडे.

पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढतेय, तेल आणि तापमान ठीक आहे, तर काही दिवस चालवता येते. लुकलुकत असेल तर ते मिसफायर आहे, तेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जाळण्याइतकं. एका सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. शंभर-दोनशे ग्रॅमच्या इग्निशन कॉइलपायी अख्खा कन्व्हर्टर जायचा. लगेच पाय हलका करा, चढावर रेटू नका, सुरक्षित जागी थांबा. इंजिन थडथडतंय तर टो करणंच बरं.

दिवा लागला की ईसीयू बिघाडाचा कोड नोंदवतो. तो वाचायला ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) घ्या. १६ पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सापडतं. साधा रीडर फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएस आणि एअरबॅगसाठी ते वाचणारा स्कॅनरच लागतो.

समजा पी-०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर. लगेच कॉइल विकत आणू नका. इंजिन बंद, चावी काढलेली, पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी-०३०२ झाला तर कॉइल दोषी. पी-०३०१ च राहिला तर तसंच स्पार्क प्लगचं करून बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. कोड म्हणजे निकाल नव्हे, कुठे बघायचं तेवढं तो सांगतो. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि खरा दोष इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या) तडकलेल्या रबरी नळीत किंवा मळलेल्या एअरफ्लो सेन्सरमध्ये निघतो.

टाकीचं झाकण सैल राहिलं तरी काही गाड्यांत हा दिवा लागतो, कारण पेट्रोलची वाफ कुठून गळतेय का हे ईसीयू तपासतो. टिकटिक होईपर्यंत झाकण आवळा आणि त्याची रबरी रिंग चिरली आहे का बघा. दिवा लगेच जाणार नाही. दोष न दिसता लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकल (इंजिन सुरू करून, गाडी चालवून बंद करणं म्हणजे एक) गेल्या की तो स्वतःहून विझतो. ही वाफेची चाचणी टाकी अगदी रिकामी किंवा काठोकाठ भरलेली असताना होतच नाही, त्यामुळे दिवस जास्त लागू शकतात.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं म्हणजे पुरावा पुसणं. बिघाड झाला त्या क्षणी इंजिनचा वेग किती होता, तापमान किती, लोड किती, याची नोंद ईसीयू कोडबरोबर जपून ठेवतो. मेकॅनिकला त्याचाच उपयोग होतो. ती पुसली जाते, शिवाय शिकलेलं आयडल आणि पेट्रोलचं मिश्रणही पुसलं जातं, आणि वायर जोडल्यावर गाडी थोडा वेळ ओबडधोबड चालते. दोष तसाच, दिवा चार दिवसांनी परत. पुसायचंच असेल तर आधी कोड आणि त्यासोबतच्या नोंदीचा फोटो काढा, दुरुस्ती करा, मग रीडरने पुसा.

एअरबॅगचा दिवा लागला तर गाडी चालते, पण धडकेच्या वेळी बॅग उघडेल याची खात्री नाही. सीट मागेपुढे केल्यावर लागला असेल तर सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल असतो. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील तर स्टिअरिंगमधली गुंडाळलेली पट्टी तुटलीय. या सर्किटला मल्टिमीटर लावायचा नाही. मीटरच्या प्रवाहानेही बॅग फुटू शकते.

धूरकट:

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा) पिवळा दिवा लागला तर टाकीत पाव टाकीहून जास्त डिझेल आहे ना बघा आणि मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं ६० च्या वर, २००० आरपीएमच्या पुढे चालवा. काजळी जळून जाते. मधेच बंद केलीत तर काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की जादा फवारलेलं डिझेल तेलात उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी *वाढलेली* दिसते. ते तेल पातळ झालेलं असतं, बदलायलाच हवं. वेटोळ्याचा दिवा (सिलिंडर आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगचा) सेल्फ मारण्याआधी विझू द्या. गाडी चालू असताना तोच लुकलुकला तर ग्लो प्लगच बघत बसू नका, स्कॅन करून घ्या.

चौथा_गिअर:

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या खेपेला डिपस्टिक बघितली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, जेमतेम टोकाला लागतंय. गाडीखाली जमिनीवर डाग नाही. मग तेल गेलं कुठे? आणि घरात वेगळ्या ग्रेडचं तेल आहे, ते चालेल का?

तेलपाणी:

टोकाला लागतंय म्हणजे लिटरभर तरी कमी आहे, जास्तही असेल. तेल भरेपर्यंत सेल्फ मारू नका. पुस्तिकेत असेल तेच ग्रेड आणा. अडचणीच्या वेळी जवळपासच्या ग्रेडचं इंजिन ऑइल घालून गॅरेज गाठणं हे कोरड्या इंजिनापेक्षा बरं, पण गाडी घरीच उभी आहे तर घाई कशाला. आधी अर्धा लिटर, मग पाव-पाव लिटर, दर वेळी डिपस्टिक बघत.

डाग नाही म्हणजे गळती नाही असं नव्हे. खालचं कव्हर तेल धरून ठेवतं, आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून झिरपलेलं एक्झॉस्टवर पडून जळून जातं, तेव्हा जळका वास येतो. तोही नसेल तर तेल आतच जळतंय. गाडी सकाळी चालू करताना निळा धूर दिसला तर व्हॉल्व्ह सील, चालवताना रेस देताना दिसला तर पिस्टन रिंग. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारी झडप) अडकला तरी इंजिन तेल ओढतं, आणि तो बदलणं सोपं आणि स्वस्त, म्हणून पहिल्यांदा तो बघून घ्या.

वरच्या खुणेपर्यंत भरलंत की किलोमीटर लिहून ठेवा आणि दर ५०० ला, त्याच सपाट जागी, गार इंजिनवर डिपस्टिक बघा. १००० किलोमीटरला १ लिटरच्या आसपास जात असेल तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमधून हवा गळते का ते बघणारी) करून घ्या. आणि तेल भरल्यावर पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा रेस देऊ नका. कॅनचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा.